नांव नसलेलें भांडें

आपल्यापैकीं पुष्कळांच्या स्वयंपाकघरांत एखाद्या फळीवर लोणच्याची बरणी असेल. वरचा भाग तपकिरी, खालचा पांढरा, झांकण जड आणि तोंडाला फडकें बांधलेलें. ती रिकामी असेल तेव्हां जरा उलटी करून पाहा. तिच्या बुडाला झिलई नसते. तेथें खरखरीत माती उघडी दिसते. कारण साधें आहे. झिलई म्हणजे भट्टींत वितळलेली एक प्रकारची कांचच. ती बुडालाहि लावली तर भांडें खालच्या लादीला कायमचें चिकटून बसेल. म्हणून करणारा तेवढी जागा मोकळी ठेवतो. त्या मोकळ्या जागेवर करणाराचें नांव सांपडतें का, तेंहि पाहा. फार तर कारखान्याचा एखादा शिक्का दिसेल. ज्या माणसानें माती मळली, ज्यानें बरणीला आकार दिला, ज्यानें ती भट्टींत रचली, त्यांपैकीं कोणाचेंहि नांव तेथें नसतें. आणि तरीहि आजीच्या हातची चव आईपर्यंत आणि आईच्या हातची आपल्यापर्यंत पोंचविली ती या बरणीनेंच.

आज मला अशा एका कुंभाराविषयीं बोलावयाचें आहे, कीं ज्याची कीर्ति जगभर झाली, परंतु ज्यानें आपल्या भांड्यांवर नांव घालण्याचें सोडून दिलें. त्यानें तें कां सोडलें आणि तें त्याला कितपत साधलें, हा माझ्या भाषणाचा विषय आहे.

मी कलावंत नाहीं; कलेचा जाणकार तर नाहींच नाहीं. मॅट्रिक झालों, प्राथमिक शाळेंत शिक्षकाची नोकरी धरली आणि तींतच निवृत्त झालों. या विषयाशीं माझा संबंध आला तो एका सहलीमुळें. चौथीच्या वर्गाला कारागिरांवरचा एक पाठ शिकवीत होतों. पुस्तकांतल्या चित्रावर भागवण्यापेक्षां मुलांना गांवच्या कुंभारवाड्यांत नेलें. तेथल्या म्हाताऱ्या कुंभारबाबांनीं चाकाच्या खांचेंत काठी घालून चाक गरगर फिरविलें, मातीचा गोळा मधोमध बसविला, आणि आम्ही पाहत असतांनाच त्यांच्या बोटांमधून मडक्याचा गळा वर आला. मग मुलांनीं हट्ट धरला, "गुरुजी, आतां तुम्ही करा." मी बसलों. गोळा एका बाजूस कलला. मी सांवरावयास गेलों तों तो दुसऱ्या बाजूस कलला, आणि शेवटीं चाकावरून उडून माझ्या सदऱ्यावर आला. मुलांना त्या दिवशीं जो आनंद झाला, तो माझ्या कोणत्याहि तासाला झालेला मला आठवत नाहीं. कुंभारबाबा मात्र हंसले नाहींत. ते म्हणाले, "गुरुजी, माती अजून मधांत आली न्हाई. मधांत आल्याबिगर तिला वर न्यायची नसती."

त्या दिवसापासून मातीच्या कामाविषयीं जें मिळेल तें वाचण्याचा मला नाद लागला. पुढें वाचनालयांत एक जाडजूड इंग्रजी पुस्तक हातीं आलें. बर्नार्ड लीच या इंग्रज कुंभारानें तें आपल्या जपानी मित्रावर लिहिलेलें होतें. शब्दकोश जवळ घेऊन मीं तें वाचून काढलें. तो मित्र म्हणजे शोजी हामादा.

हामादा यांचा जन्म १८९४ सालीं, टोकियोजवळील कावासाकी येथें झाला. लहानपणीं त्यांना चित्रकार होण्याची हौस होती. पण तरुण वयांतच त्यांनीं विचार बदलला, आणि त्याचें कारण पुढें मोठ्या सरळपणें सांगितलें. चित्र वाईट निघालें तर तें फेंकून देण्यापलीकडे त्याचें कांहीं करतां येत नाहीं. भांडें बेताचें साधलें तरी त्याचा कांहीं ना कांहीं उपयोग होतोच. त्यांच्या पुढच्या साऱ्या आयुष्याचें बीज या एका विचारांत आहे, असें मला वाटतें. कलावंतांपैकीं पुष्कळांना आपली कृति उपयोगी म्हटलेली आवडत नाहीं. हामादांना उपयोगाचाच आधार वाटला.

टोकियोच्या उच्च तांत्रिक विद्यालयांत त्यांनीं मातीकामाचें शास्त्र शिकून घेतलें आणि १९१६ सालीं ते तेथून बाहेर पडले. मग क्योतो शहराच्या मृत्तिका-संशोधन संस्थेंत त्यांना काम मिळालें. तेथें त्यांच्याच विद्यालयांतून आधीं बाहेर पडलेले कावाई कांजिरो होते. त्या दोघांनीं मिळून झिलईचे हजारों प्रयोग केले.

येथें थोडा शास्त्राचा भाग सांगणें अवश्य आहे. आपल्या कुंभाराचा आवा साधारणपणें सात-आठशें अंशांच्या आसपास तापतो. तेवढ्या उष्णतेनें माती पक्की होते, पण तिचीं रंध्रें उघडीं राहतात. त्या रंध्रांतून पाणी पाझरतें, त्याची वाफ होते आणि माठांतलें पाणी गार राहतें. माठाचा हा गुणच आहे. परंतु त्या माठांत तेल किंवा लोणचें घालून ठेवतां येणार नाहीं. त्यासाठीं माती दगडासारखी घट्ट व्हावी लागते, आणि तशी व्हावयास योग्य जातीची माती घेऊन ती बाराशें ते तेराशें अंशांपर्यंत तापवावी लागते. दगडाची पूड, राख आणि माती पाण्यांत कालवून त्यांत भांडें बुडविलें, कीं त्याच उष्णतेंत तो लेप वितळून भांड्यावर कांचेसारखा बसतो. ती झिलई. आपली बरणी या जातीची आणि हामादांचीं भांडींहि याच जातीचीं. लोणच्याचें मीठ आणि आंबटपणा धातूला खातात; या झिलईला त्यांचें भय नसतें.

याच सुमारास हामादांची आणि बर्नार्ड लीच यांची ओळख झाली. लीच यांचा जन्म हाँगकाँगचा. १९०९ सालीं ते जपानांत आले आणि तेथें मातीचें काम शिकले. १९२० सालीं त्यांनीं इंग्लंडला परत जाऊन स्वतःची भट्टी घालण्याचें ठरविलें, आणि बरोबर हामादांना नेलें. कॉर्नवॉल प्रांतांत समुद्रकांठीं सेंट आइव्ह्ज नांवाचें गांव आहे. तेथें या दोघांनीं आसपासची माती शोधली आणि जपानी पद्धतीची चढती भट्टी उभारली. उतारावर एकापुढें एक कोठड्या असतात. खालच्या कोठडींतला जाळ वरच्या कोठडींत शिरतो, आणि एकीची वायां जाणारी उष्णता दुसरीच्या कामीं येते. पश्चिमेकडे अशी भट्टी प्रथम बांधली गेली ती तेथेंच. पण ही भट्टी लांकूड खाते, आणि कॉर्नवॉलमध्यें झाडें थोडीं. सरपणाची विवंचना त्या दोघांना नित्य असे.

इंग्लंडांतील मुक्कामांत हामादांनीं डिचलिंग हें खेडें पाहिलें. तेथें एथेल मेअरेट ही हातमागावर विणणारी बाई आणि दुसरे कांहीं कारागीर शहर सोडून राहिले होते. शिकलेलीं माणसें खेड्यांत राहतात, हातानें काम करून पोट भरतात, आणि त्यांच्या घरांतलें ताट, वाटी, कापड, खुर्ची ही सारी एका मेळाची असते, हें पाहून हामादांच्या मनानें कांहीं तरी निश्चय केला. १९२३ सालीं लंडनमध्यें त्यांच्या भांड्यांचें प्रदर्शन झालें आणि तें लोकांना आवडलें. त्याच वर्षाच्या सप्टेंबरांत टोकियोचा भयंकर भूकंप झाला. हामादा मायदेशीं परतले. लंडनच्या यशावर त्यांना एखाद्या मोठ्या शहरांत बस्तान बसवितां आलें असतें. ते मशिको नांवाच्या खेड्यांत गेले.

मशिको टोकियोच्या उत्तरेस सुमारें शंभर किलोमीटरांवर आहे. तेथें कुंभारकाम सुरू झालें तें १८५३ च्या सुमारास. म्हणजे जपानच्या हिशेबानें अगदीं अलीकडे. तेथें होत तीं भांडींहि दिवाणखान्यांतलीं नव्हेत. पाण्याचे रांजण, वाटण करण्याचीं पात्रें, बरण्या, चहाच्या किटल्या असा सगळा टोकियोच्या स्वयंपाकघरांचा माल. माती भरड आणि वाळूमिश्रित. पातळ, नाजूक भांडें तिला मानवत नाहीं. १९२४ सालीं हामादा तेथें आले. प्रथम ते गांवांतल्या एका कुंभाराकडे राहिले आणि त्याच्या भट्टींत आपलीं भांडीं भाजून घेऊं लागले. १९३० सालीं त्यांनीं एक जुनें शेतकरीघर आणून आपल्या जागेंत उभें केलें. पुढें त्याच आवारांत आठ कोठड्यांची मोठी चढती भट्टी झाली. १९७८ च्या जानेवारींत मृत्यु येईपर्यंत, अर्ध्या शतकाहून अधिक काळ, त्यांचें घर आणि काम मशिकोंतच राहिलें.

त्या गांवांत मासु मिनागावा नांवाची एक बाई होती. किटलीवर डोंगर, पाणी, झाड, एखादी झोंपडी असें चित्र काढणें हें तिचें काम. लहानपणींच ती या कामास लागली आणि म्हातारपणापर्यंत तेंच करीत राहिली. दिवसाला शेंकडों किटल्या तिच्या हाताखालून जात. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. चित्र नेहमीं तेंच; पण हात इतका सरावलेला, कीं कुंचल्याच्या एका फटकाऱ्यांत डोंगर उतरे. किटली बाजारांत स्वस्तांत विकली जाई, आणि फुटली कीं तिच्या जागीं दुसरी येई. हामादांना आणि त्यांच्या मित्रांना या बाईचें काम थोर वाटे.

श्रोतेहो, येथें जरा थांबून या दोघांकडे पाहा. एकीकडे विद्यालयांत शास्त्र शिकलेला, हजारों झिलया पारखलेला, लंडनमध्यें वाखाणलेला पुरुष. दुसरीकडे निरक्षर मासुबाई, जिच्या मनांत आपण कांहीं सुंदर करीत आहोंत हा विचारहि शिरत नसेल. शिकलेल्या माणसाला त्या बाईसारखें काम करतां येईल काय? जें एकदां ठाऊक झालें तें विसरतां तर येत नाहीं. हामादांनीं तें विसरण्याचा प्रयत्न केला नाहीं. त्यांनीं दुसरा मार्ग धरला. त्यांनीं आपल्या कामांतलें वेंचक तेवढें ठेवलें, बाकीचें बाजूला सारलें, आणि जें ठेवलें तें इतक्या वेळां केलें, कीं विचार हातांत मुरून गेला.

हजारों झिलयांतून त्यांनीं नित्य वापरण्यासाठीं पांच-सहाच निवडल्या. मशिकोजवळ एक लोहयुक्त दगड मिळतो. तो कुटून त्याची बारीक पूड पाण्यांत कालवली, कीं भाजल्यावर तांबूस तपकिरी झिलई मिळते. तिला काकी म्हणतात. काकी हें जपानांतलें एक फळ. आपल्या टेंभुर्णीच्याच कुळांतलें. भाताच्या तुसाची राख घातली, कीं दुधासारखी पांढरी झिलई होते. लोहाची काळी, तांब्याची हिरवी. बहुतेक सारें सामान शेतांतलें नाहीं तर डोंगरांतलें. आकारहि मोजकेच: वाडगा, पेला, थाळा, बाटली, किटली. ओकिनावा बेटावर ते अनेकदां जात. तेथें पाहिलेल्या उंसाच्या पात्यांवरून त्यांनीं एक साधी नक्षी बसविली: उभा दांडा आणि दोहों बाजूंस झुकलेलीं पानें. ती नक्षी ते कित्येक वर्षें काढीत राहिले. नवें चित्र सुचत नव्हतें म्हणून नव्हे. जुनें अजून पुरतें हातांत आलें नाहीं म्हणून, असें मी समजतों. आम्हां शिक्षकांना दर जूनमध्यें तीच बाराखडी पुन्हां शिकवावी लागते. त्यामुळें ही गोष्ट मला लगेच पटली.

त्यांचें चाकहि गांवठीच होतें. खांचेंत काठी घालून तें फिरवावयाचें आणि तें फिरत आहे तोंवर भांडें वर आणावयाचें. हें वाचतांना मला आमचा कुंभारवाडा आठवला. विजेचें चाक सारख्या वेगानें फिरत राहतें. काठीचें चाक हळूहळू मंदावतें आणि त्याबरोबर कुंभाराचा हातहि संथ होतो. हामादांच्या भांड्यांत जो एक ऐसपैस मोकळेपणा दिसतो, त्यांत या चाकाचाहि वांटा असला पाहिजे.

आतां उपयोग म्हणजे नेमकें काय, तें पाहूं. चहाचा पेला घ्या. जपानी पेल्याला कान नसतो. तो दोन्ही हातांत धरावयाचा. भिंत फार पातळ झाली तर हात भाजतो, फार जाड झाली तर पेला उचलवत नाहीं. कांठ ओंठाला टोंचतां कामा नये, पण तो इतका बोथटहि नको कीं चहा हनुवटीवर ओघळावा. खालचें कडें नीट उंच असेल तर बोटें तेथें विसावतात, कारण तेथें उष्णता कमी पोंचते. किटलीचें तर विचारूंच नका. तिची चोंच टिपकतां कामा नये, भरलेली किटली ओततांना झांकण पडतां कामा नये, आणि चोंचीचें टोंक किटलीच्या कांठापेक्षां खालीं असेल तर ती कधींच पूर्ण भरतां येणार नाहीं. यांतलें कांहींहि प्रदर्शनांत कांचेआड ठेवलेल्या भांड्याकडे पाहून कळत नाहीं. तें कळतें सकाळीं सहा वाजतां, डोळे पुरते उघडले नसतांना, चहा ओततांना. जो कुंभार स्वतः आपल्या भांड्यांत जेवतो, त्यालाच हें पुरतें ठाऊक असतें. हामादांच्या घरीं रोजचें खाणेंपिणें आणि पाहुण्यांचा पाहुणचार हातानें केलेल्या भांड्यांतच होई.

मोठ्या थाळ्यावर ते झिलईचीच नक्षी करीत. पळींत झिलई घेऊन, थाळ्यावरून हात झपकन् फिरवून तिची धार सोडावयाची. पुसतां येत नाहीं, दुरुस्त करतां येत नाहीं. जें पडलें तें पडलें. एकदां एका पाहुण्यानें विचारलें, कीं इतक्या मोठ्या थाळ्यावर आपण पंधरा सेकंदांत नक्षी उरकतां, हा वेळ फारच थोडा नव्हे काय? हामादांच्या उत्तराचा मतलब असा, कीं पंधरा सेकंद आणि त्यांच्या मागचीं साठ वर्षें असा हिशेब धरावा.

आतां नांवाचा प्रश्न. हामादांचे स्नेही सोएत्सु यानागि हे विचारवंत होते. रोजच्या वापरासाठीं, अनाम कारागिरांनीं, मोठ्या संख्येनें आणि स्वस्तांत केलेल्या वस्तूंत जें सौंदर्य असतें, तें नामांकित कलावंतांच्या कृतींत सहसा सांपडत नाहीं, असें त्यांचें मत होतें. अशा वस्तूंना त्यांनीं आणि त्यांच्या मित्रांनीं १९२५ सालीं मिंगेई, म्हणजे लोकांची कारागिरी, असें नांव दिलें. १९३६ सालीं टोकियोंत अशा वस्तूंचें संग्रहालय उघडलें. यानागि यांच्या मृत्यूनंतर त्याची धुरा हामादांनीं वाहिली. याच विचाराला अनुसरून हामादांनीं आपल्या भांड्यांवर सही करणें सोडलें. सही नसेल तर पाहणारा बुडाऐवजीं भांड्याकडे पाहील, हा त्यांतला हेतु.

पण श्रोतेहो, गोष्ट येथें संपत नाहीं. जपानांत मोलाचें भांडें लांकडी पेटींत ठेवून त्या पेटीवर करणारानें चार अक्षरें लिहून सही करण्याची रीत आहे. हामादांच्या भांड्यांच्या पेट्यांवर त्यांची अशी सही असे. भांडें अनाम, पेटी मात्र नांवाची. ती पेटी असली कीं भांड्याची किंमत वाढते. १९५५ सालीं जपान सरकारनें, परंपरागत कला जतन करणाऱ्यांना मान देण्याची पद्धत सुरू केली, तेव्हां पहिल्याच तुकडींत हामादांची निवड झाली. लोक अशा मानकऱ्यांना जिवंत राष्ट्रीय ठेवा म्हणतात. १९६८ सालीं त्यांना संस्कृतीचें मोठें राजचिन्ह मिळालें. मासुबाईची किटली कोणीहि घ्यावी. हामादांचा थाळा मात्र संग्राहकांच्या कपाटांत जाऊं लागला. जें रोज वापरावें म्हणून केलें, तें किंमतीमुळेंच वापरेनासें झालें. हा दोष मी हामादांना देत नाहीं, पण तो झांकूनहि ठेवीत नाहीं. कीर्ति एकदां घरांत आली, कीं तिला दाराबाहेर काढणें खुद्द घरधन्यालाहि साधत नाहीं.

मग त्यांचा प्रयत्न फुकट गेला काय? मला तसें वाटत नाहीं. आणि त्याचें कारण मी एक शिक्षक म्हणून सांगणार आहें.

दुसरें महायुद्ध संपल्यावर तात्सुझो शिमाओका हा तरुण हामादांकडे शिकावयास आला. गुरूसारखें करूं लागावें, हें शिष्याला सहज होतें. हामादांनीं त्याला स्वतःची वाट शोधावयास लावलें. शिमाओकाचे वडील टोकियोंत रेशमी गोफ विणण्याचा धंदा करीत. त्या गोफाची दोरी ओल्या मातीवर फिरविली कीं ठसे उमटतात. त्या ठशांत पांढरी माती भरून वरची खरवडली, कीं बारीक विणीसारखी नक्षी राहते. ही शिमाओकाची रीत झाली आणि १९९६ सालीं तोहि जिवंत राष्ट्रीय ठेवा ठरला. शिष्याला गुरूच्या घरीं आपल्या बापाचा धंदा सांपडला! याहून चांगलें शिकविणें कोणतें, तें मला ठाऊक नाहीं. अशा शिष्याच्या कामावर गुरूचें नांव कोठेंहि नसतें, आणि तें तेथें आहे हें जाणत्याला दिसतेंच.

गांवाचेंहि तसेंच झालें. ॲल्युमिनियम, गॅसची शेगडी, प्लॅस्टिक यांनीं जुन्या मातीच्या भांड्यांची गरज कमी केली. आपल्याकडच्या कुंभारवाड्यांवर हीच पाळी आली, हें सांगावयास नको. मशिकोंत मात्र हामादांच्या मागून दूरदूरचे कुंभार येऊन राहिले आणि गांव रांजणांवरून जेवणाच्या थाळ्यावाटग्यांकडे वळला. आज तेथें शेंकडों कुंभार काम करतात आणि वसंतांत व शरदांत भांड्यांचा मोठा बाजार भरतो. १९७७ सालीं, मृत्यूच्या आदल्या वर्षीं, हामादांनीं आपल्या आवारांत एक संग्रहालय उघडलें. देशोदेशींच्या ज्या वस्तूंपुढें आपण हरलों असें त्यांना वाटलें, त्या त्यांनीं जमविल्या होत्या. पुढच्या कुंभारांनीं त्यांवरून शिकावें म्हणून त्या तेथें मांडल्या. २०११ च्या भूकंपानें ती आठ कोठड्यांची भट्टी मोडली. गांवकऱ्यांनीं आणि कुंभारांनीं ती दुरुस्त केली, आणि २०१५ सालीं तींत पुन्हां जाळ पेटला. त्या वेळीं तिच्यांत जीं भांडीं भाजलीं, तीं एका माणसाचीं नव्हतीं, अनेकांचीं होतीं.

आतां शेवटीं माझ्या घरची एक गोष्ट सांगतों आणि आपली रजा घेतों. माझा एक विद्यार्थी पुढें मातीचें काम शिकला. त्या कुंभारवाड्याच्या सहलींतलाच हा मुलगा. माझ्या सदऱ्यावर गोळा आला तेव्हां सर्वांत मोठ्यानें हंसला होता. त्यानें एके दिवशीं स्वतःच्या हातानें केलेले सहा पेले आणून दिले. मीं एक उलटा करून पाहिला आणि म्हटलें, "अरे, नांव कां घातलें नाहींस?" तो म्हणाला, "गुरुजी, हामादांची गोष्ट तुम्हींच सांगितली होती कीं."

पेले इतके सुरेख, कीं माझ्या पत्नीनें ते कांचेच्या कपाटांत ठेवले. पाहुणे आले कीं काढूं, असें ती म्हणे, आणि मलाहि तें योग्यच वाटे. पाहुणे येत, पण प्रत्येक वेळीं आम्हांला वाटे, याहून मोठे पाहुणे येतील तेव्हां काढूं. अशीं अकरा वर्षें गेलीं. चार वर्षांपूर्वीं ती गेली. त्या पेल्यांतून तिनें एकदांहि चहा घेतला नाहीं.

तिच्यामागें दोन महिन्यांनीं मीं तें कपाट उघडलें. तेव्हांपासून रोज सकाळीं त्यांतल्याच एका पेल्यांतून मी चहा घेतों. एकाचा कांठ गेल्या पावसाळ्यांत उडाला. तो मीं टाकला नाहीं, त्यांत दाढीचा ब्रश ठेवतों. विद्यार्थ्याला हें कळविलें तेव्हां तो आनंदला. म्हणाला, "आतां दुसरा करून आणतों." आणि आणलाहि. नव्या पेल्याचा रंग जुन्यांशीं पुरता जुळत नाहीं. हाताला मात्र तो तसाच लागतो.

श्रोतेहो, आपल्याहि घरीं कपाटांत असें कांहीं ठेवलेलें असेल. मोठ्या पाहुण्यांची वाट पाहूं नये. घरांतलीं माणसें घरांत आहेत तोंवर, आज संध्याकाळचा चहा त्यांतूनच घ्यावा, एवढीच माझी आपणांस विनंति आहे.